वेहोत्सिंगोची नावनिशी

मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहराहून वायव्येला निघावे, तो डाव्या हाताला दोन प्रचंड पर्वत सोबतीला येतात. एक पोपोकातेपेत्ल, म्हणजे धुमसणारा डोंगर. तो आजही धूर सोडतो. दुसरा इस्तासिवात्ल, म्हणजे पांढरी स्त्री. त्यांच्या पायथ्याशी वेहोत्सिंगो हे गाव आहे. नहुआत्ल भाषेत या नावाचा अर्थ लहान वाळुंजांचे ठिकाण. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी बांधलेला मठ पाहायला प्रवासी येथे थांबतात.

गावाचे एक मोठे धन मात्र गावात नाही. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १५६० साली स्पॅनिश अमलात या गावाची आणि भोवतालच्या वस्त्यांची करासाठी शिरगणती झाली, तिची ही वही. पानापानावर माणसांच्या डोक्यांच्या ओळी आहेत. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्या, विधवेच्या गालावर आसवे. शेजारी इवलेसे चित्र असते. ते त्या माणसाचे नाव! गरुडाचे डोके दिसले की वाचावे क्वाउत्ली. ढाल आणि काळ्या काचेच्या पात्यांचा सोटा दिसला की याओत्ल, म्हणजे शत्रू.

या चित्रांची गरज सरकारलाच होती. बाप्तिस्मा झाला आणि गावोगावी जुआन, पेद्रो, फ्रान्सिस्को यांचा सुकाळ झाला. एका आळीत पाच जुआन निघाले, तर कर कोणत्या जुआनच्या नावे मांडायचा? तिथे जुनेच नाव उपयोगी पडे. रोमन लिपीत ते शेजारी लिहिले जाई, तरी चित्रकाराने आपले चित्र सोडले नाही.

ही केवळ चित्रे आहेत असेही समजू नये. त्यांत ध्वनीही आहे. पहिला व्हाइसरॉय मेंदोसा याचे नाव लिहायचे होते. नहुआत्लमध्ये घायपाताला ‘मेत्ल’ म्हणतात आणि बिळात राहणाऱ्या एका उंदरासारख्या प्राण्याला ‘तोसान’. पॅरिसमध्येच असलेल्या दुसऱ्या एका हस्तलिखितात चित्रलेखकाने ही दोन चित्रे जोडली आणि ‘मे-तोसा’ करून साहेबांना कागदावर बसवले. नवे नावही जुन्या लिपीला जड गेले नाही.

राजांची नावे इतिहास सांभाळतोच. क्वाउतेमोक हा खाली झेपावणारा गरुड मेक्सिकोत कोणी विसरलेले नाही. पण १५४५ पासूनच्या भयंकर साथीतून वाचलेल्या शेतकऱ्याचे, सुताराचे नाव कोण लिहिणार? ते लिहिले वसुलीच्या वहीने. माणसाकडून काय घ्यायचे एवढेच तिला ठाऊक होते. घरच्यांनी त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे तिच्यात अनायासे राहून गेले.

आज सोळा लाखांहून अधिक माणसे नहुआत्ल बोलतात, आणि त्या पानांची छायाचित्रे कोणालाही घरबसल्या पाहता येतात. वेहोत्सिंगोचा एखादा मुलगा ती उघडील, गरुडाच्या डोक्यावर बोट ठेवील, आणि तो शब्द मोठ्याने उच्चारील.