कॅनॉलचा काठ

पुण्याला नद्या दोन, मुळा आणि मुठा. परंतु पुणेकरांच्या संसाराशी राबता आहे तो तिसऱ्याच एका पाण्याचा. त्याची कोणी ओटी भरीत नाही, त्याला घाट नाहीत, देवळे नाहीत. त्याचे नाव कॅनॉल. सरकारी कागदावर तो 'मुठा उजवा कालवा' आहे. पण रिक्षावाल्याला तसे सांगून पाहा!

कर्नल फाइफ यांच्या योजनेतून १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि या कालव्याने शहराला पाणी पाजले, पुढे दौंड-इंदापूरकडचा ऊस पोसला. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. पाणी आपल्या पायांनी जावे म्हणून इंजिनिअरांनी त्याला अगदी थोडा उतार दिला. टेकडी आली की वळसा घातला, चढ म्हणून घेतला नाही. त्यामुळे पर्वतीच्या पायथ्यावरून स्वारगेटकडे आणि पुढे हडपसरकडे जाणारा त्याचा काठ जवळजवळ सपाट आहे. गुडघे धरलेल्या आजोबांनी आणि नुकती सायकल शिकलेल्या नातीने बरोबर जावे, अशी ही वाट! काही ठिकाणी तिच्यावर सकाळी माणसे फिरतातही. पण थोडे पुढे गेले की कचरा आडवा येतो, नाहीतर वाटच संपते.

आता हे पाणी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून नेण्याची योजना आहे. तिची कारणे रास्त आहेत. उघड्या कालव्यातले पाणी झिरपते, आटते, घाण होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीजवळ कालव्याची भिंत फुटली, तेव्हा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतले संसार पाण्यात गेले. ज्यांची भांडीकुंडी वाहून गेली, त्यांना कॅनॉलच्या शोभेचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे?

पण पाणी जमिनीखाली गेल्यावर या जागेचे काय? मोटारींचा रस्ता, हे उत्तर आपल्या जिभेवर तयारच असते. हॉलंडमधील उट्रेख्ट शहराने तेच केले. जुन्या कालव्याचा एक भाग १९७० च्या दशकात कोरडा करून तेथे मोटारींचा रस्ता झाला. पुढच्या पिढीने तो उखडला आणि २०२० साली तेथे पुन्हा पाणी आणले. आज त्यातून नावा जातात. एका कामाचे पैसे दोनदा मोजणे पुणेकराला तरी रुचू नये!

आपल्याला फार थोडे हवे आहे. जमेल तेथे पाण्याची एक धार, दुतर्फा झाडे, चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला सलग वाट, मोठा रस्ता आडवा आला तर निर्धास्त ओलांडण्याची सोय. स्वारगेटला एस. टी. आहे, २०२४ पासून मेट्रोही आहे. काठच्या वस्तीतली बाई त्या वाटेने जीव मुठीत न धरता कामावर पोचली आणि तिची मुलगी एकटी शाळेत गेली, तर कॅनॉल पुण्याच्या उपयोगी पडला असे मी म्हणेन.