झाकणं लावलीत का?

रात्री अंथरुणाला पाठ टेकली, दिवा मालवला, की बरोबर पाचव्या मिनिटाला माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो : गॅस बंद केला होता ना? मग मी उठतो. गॅस बंदच असतो. परत येऊन पडतो, तर दाराची कडी आठवते. तीही लावलेली असते. मग गच्चीवरच्या टाकीचं झाकण. पण गच्ची चार जिने वर असल्यामुळे तिथे मी मनातल्या मनातच जाऊन येतो.

"अहो, आपल्याकडे चोरी करायची म्हटली तर चोराला आधी तुमच्या उठण्याचं टाइमटेबल पाठ करावं लागेल," असं आमची ही म्हणते. चिरंजीव मला 'चीफ इन्स्पेक्टर' म्हणतात. बँकेत बावीस वर्षांत जी बढती मिळाली नाही, ती घरात फुकट मिळाली.

खरं तर दोष बँकेचाच आहे. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, त्या दोघांकडे. एकट्याने उघडायचं नाही, एकट्याने लावायचं नाही. लावल्यावर हँडल ओढून बघायचं, आणि मग रजिस्टरात सही. अशी बावीस वर्षं हँडलं ओढल्यावर माणूस घरी येऊन आपल्याच दाराला सोडील काय? एकदा तर रबरी शिक्क्यांचा खण लावला की नाही या शंकेने मी अर्ध्या वाटेत बसमधून उतरून परत शाखेत गेलो होतो. खण लावलेला होता. मी मात्र तेव्हापासून शाखेत कायमचा 'खणवाले' झालो.

अशा माणसाच्या हाती गेल्या महिन्यात वाचनालयातून एक पुस्तक आलं. मला हवी असलेली रहस्यकथा बाहेर गेली होती. ग्रंथपाल म्हणाले, "हे न्या, पाणबुड्यांवर आहे. यातही माणसं मरतात." नेलं. आणि तेव्हापासून माझी उरलीसुरली झोपही गेली.

ब्रिटिश आरमाराची पहिली पाणबुडी 'हॉलंड-१' १९०१ साली बॅरो इथे पाण्यात उतरली. नाव हॉलंड असलं तरी त्या देशाशी संबंध नाही. ते तिचा आराखडा करणाऱ्या जॉन हॉलंडचं आडनाव. हा मूळचा आयर्लंडमधला शाळामास्तर, नंतर अमेरिकेत गेलेला. त्याच्या सुरुवातीच्या पाणबुड्यांना पैसा पुरवला तो आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या तिथल्या क्रांतिकारकांनी. हेतू सरळ होता : इंग्रजांची जहाजं बुडवायची. पुढे पैशांवरून बिनसलं आणि १८८३ साली पैसे देणाऱ्यांनी रातोरात बोटच पळवून नेली. (वसुलीची ही पद्धत आमच्या परिपत्रकात अजून आलेली नाही.) शेवटी त्याच मास्तरांच्या आराखड्यावरून बोटी बांधून घेतल्या कुणी? तर इंग्रजांनी! ज्याच्या घरावर दरोडा घालायला शिडी केली, ती त्यालाच विकली गेली.

ही हॉलंड-१ लांबीला सुमारे ६४ फूट. म्हणजे मुंबईच्या लोकलचा साधारण एक डबा. त्यात माणसं आठ. मुंबईकर म्हणेल, आठच? मग चैनच आहे की! पण त्या डब्यात पेट्रोलचं इंजिन होतं, बॅटऱ्या होत्या, टॉर्पेडो होते, आणि पेट्रोलचा व इंजिनाचा विषारी वायू कोंडला तर आधी कळावं म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर होते. उंदीर आडवा झाला की माणसांनी ताजी हवा गाठायची. आमच्या शाखेतही उंदीर आहेत. पण ते जुन्या लेजरांवर पोसलेले; हवा कितीही कोंडली तरी ढिम्म हलत नाहीत.

इथपर्यंत मी मजेत वाचत होतो. मग ए-१ आली.

१८ मार्च १९०४. पोर्ट्समथजवळ सराव चालू होता. ए-१ पाण्याखालून आपल्याच आरमाराच्या एका क्रूझरवर नजर ठेवून होती. पेरिस्कोपला एका वेळी एकच दिशा दिसते. तेवढ्यात 'बर्विक कॅसल' नावाचं प्रवासी जहाज आलं आणि तिच्यावरून निघून गेलं. जहाजावरच्यांना वाटलं, आपल्याला सरावातला टॉर्पेडो लागला असावा. पाणबुडीच्या वरच्या बुरुजाला भगदाड पडलं, तिथून पाणी थेट आत. अकराच्या अकरा माणसं गेली.

त्यानंतर आरमाराने एक सुधारणा केली. पुढच्या पाणबुड्यांत बुरुजाच्या तळाशी आणखी एक झाकण बसवलं, म्हणजे बुरुज फुटला तरी पाणी खाली येऊ नये. अकरा माणसं गेली आणि एक झाकण वाढलं. मी पुस्तक मिटलं आणि आमच्या बँकेची परिपत्रकं आठवली. 'असे करू नये', 'तसे दोनदा तपासावे', 'यापुढे दोघांच्या सह्या असाव्यात'. ती येतात तेव्हा आम्ही हसतो. म्हणतो, वरच्यांना उद्योग नाही. 'यापुढे' या शब्दाच्या अलीकडे काय घडलं असेल, ते कुणी विचारत नाही.

पण वरच्यांचं डोकं नेहमीच असं चालतं असं समजू नका. पहिल्या महायुद्धात त्यांना पाणबुडी हवी झाली ती मोठ्या युद्धनौकांच्या बरोबरीने धावणारी, २४ नॉट वेगाची. तेव्हाच्या डिझेल इंजिनांना ते जमेना. मग त्यांनी पाणबुडीत वाफेचे बॉयलर बसवले. बॉयलर आला म्हणजे धूर आला, धूर आला म्हणजे धुराडं आलं. पाण्याखाली जाणाऱ्या बोटीला दोन धुराडी! बुडी मारायची तर आधी आग विझवा, धुराडी आडवी करा, त्यांची तोंडं बंद करा, हवेची झाकणं लावा, आणि मग बुडा. सगळं मिळून पाचेक मिनिटं. तोवर शत्रूने सभ्यपणे थांबायचं.

हा 'के' वर्ग. ३३९ फूट लांब. १९१६ च्या डिसेंबरात के-३ मध्ये राजपुत्र अल्बर्ट बसले होते. पुढे सहावा जॉर्ज म्हणून ज्यांचं डोकं आपल्या रुपयावर आलं, तेच. बोटीने बुडी मारली ती नाक थेट चिखलात खुपसून, आणि शेपूट पाण्याबाहेर. वीस मिनिटांनी सुटली. भावी राजालाच चिखलात रोवल्यावर तरी फाईल परत वरती जाईल असं तुम्हांला वाटेल. तुम्ही कधी ऑफिसात काम केलेलं दिसत नाही.

पुढच्याच महिन्यात, २९ जानेवारी १९१७ ला, स्कॉटलंडमधल्या गेअरलॉखमध्ये के-१३ ची चाचणी होती. आत ८० माणसं, त्यांत गोदीतले साधे कामगारही. सकाळची बुडी व्यवस्थित झाली. दुपारी पुन्हा मारली, आणि बॉयलरच्या खोलीत पाणी घुसलं. हवेची चार झाकणं उघडीच राहिली होती. रुंदी प्रत्येकी ३७ इंच. आणि चौकशीत निघालं ते असं, की 'झाकणं उघडी आहेत' असं दाखवणारा दर्शक आपलं काम चोख करत होता.

मागच्या भागातली माणसं गेली. पुढची दाराआड अडकली. तेव्हा पाहुणे म्हणून आलेले के-१४ चे कप्तान गुडहार्ट म्हणाले, मी वर जाऊन निरोप देतो. निरोप पत्र्याच्या डबीत घालून कमरेला बांधला. बोटीचे कप्तान हर्बर्ट त्यांना बुरुजातून सोडून परत आत येणार होते. पण हवेच्या लोटाबरोबर दोघेही बाहेर फेकले गेले. राहणारा होता तो वर पोचला. जाणारा वाटेतच आपटून गेला. हर्बर्टनी वरून मदत केली. नळीने हवा पोचवली, नाक उचललं, पत्रा कापला. ५७ तासांनी ४८ जण जिवंत निघाले. ३२ गेले.

मग ती बोट बाहेर काढली, दुरुस्त केली आणि तिला नवा नंबर दिला : के-२२. बुडीत खात्याला नवा नंबर देऊन चालू करायची ही कला मला परिचयाची आहे. पण आमच्या खात्यात कुणी बसून समुद्रात जात नाही.

३१ जानेवारी १९१८ च्या रात्री हीच के-२२ ताफ्याबरोबर फर्थ ऑफ फोर्थमधून निघाली होती. दिवे मंद, वायरलेस बंद. मे बेटाजवळ के-१४ चं सुकाणू अडकलं, के-२२ तिच्यावर आदळली, आणि मग अंधारात एकावर एक जहाजं आपटत गेली. सव्वा तासात दोन पाणबुड्या बुडाल्या, चार मोडल्या, शंभराहून अधिक माणसं गेली. शत्रू आसपासही नव्हता. 'के' वर्गाच्या कितीतरी बोटी बुडाल्या. शत्रूच्या हातून एकही नाही.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी उरलेल्या बोटींवर कुणीतरी चढलंच. जादा भत्ता होता म्हणून म्हणा, हट्ट म्हणा. मला वाटतं, आपला शेजारी आपलं झाकण लावील, एवढाच त्यांचा भरवसा असेल. त्याशिवाय पाण्याखाली जाता येत नाही. बँकेतही दुसरी किल्ली दुसऱ्याकडेच असते.

हे सगळं मी जेवताना घरी सांगितलं. चिरंजीव प्रथमच काही बोलले नाहीत. रात्री मी उठायच्या आत ही स्वयंपाकघरात जाऊन आली. म्हणाली, "झोपा आता. मी बघितलाय गॅस."

मला फार बरं वाटलं. पाच मिनिटं तसाच पडून राहिलो.

मग उठलोच. हिच्यावर विश्वास नाही असं मुळीच नाही. पण के-१३ वरही त्या दुपारी कुणीतरी कुणाला तरी "मी बघितलंय" असं म्हणालंच असेल.