ढगात गेलेली खतावणी

आमच्या कचेरीतला कॉम्प्युटर ढगात जाणार, ही बातमी मला कँटीनमध्ये कळली. कुणी 'वर' गेल्याचे ऐकले की माणूस हातातला कप खाली ठेवतो. मीही ठेवला.

ढगाशी माझे जुने वैर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची कचेरी कुर्ल्याला, तळमजल्यावर. सर्व्हर जमिनीवर आणि रोजच्या हिशेबाची नक्कल ज्या टेपांवर घ्यायची, त्या शेजारच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. (वरच्या कप्प्यात मिठाईचे रिकामे डबे होते. ते शाबूत राहिले!) पुढे चार महिने मी एकेका पार्टीला फोन करून विचारत होतो, "साहेब, तुमच्याकडून आमचं किती येणं आहे हो?" मनुष्यस्वभाव मला त्या चार महिन्यांत कळला. एका गृहस्थांनी तर "काहीच नाही" म्हणून फोन ठेवला. मला ११,३४० रुपये तोंडपाठ होते. ते मी लिहून ठेवले.

आणि आता खतावणी ढगाच्याच हवाली करायची!

"काका, ढग म्हणजे दुसऱ्याचे कॉम्प्युटर. आपण भाडं भरायचं," आमच्या कॉम्प्युटर-खात्यातला पोरगा म्हणाला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत असली केंद्रे उघडली म्हणे. आमचा ढग निघाला पुण्याचा. म्हटलं, गडगडाट नक्की. पडेल तेव्हा खरं.

पहिली गेली ई-मेल. कुणी रडले नाही. मग रोजच्या नकला गेल्या, मग हजेरी आणि पगार. त्या दिवशी आमच्या शिपायाने विचारले, "साहेब, यंदा पाऊस नाही झाला तर पगाराचं काय?" नवे प्रोग्रॅम तपासायची यंत्रेही तिकडेच घेतली. ती वर्षातून चार दिवस लागतात, मग विकत कशाला घ्या? दिवाळीच्या सुटीत ती बंद करायला पोरगा विसरला आणि भाड्याचा मीटर टॅक्सीसारखा पळत राहिला. बिल बघून मालकांनी फराळ अर्धवट टाकला. शिवाय माहिती आत न्यायला दमडी पडत नाही, बाहेर काढायला पैसे! इतकी वर्षे घरे भाड्याने देणाऱ्या आमच्या चाळमालकालाही ही युक्ती सुचली नव्हती.

लेथ चालवणारे कॉम्प्युटर मात्र कारखान्यातच राहिले. हत्यार लोखंडात घुसलेले असताना पुण्याचा हुकूम येईपर्यंत थांबणार कोण?

खतावणी सगळ्यात शेवटी गेली. जुने-नवे आकडे जुळल्याची सही मला करायची होती. तीन रात्री मी ताळा केला. पैसा न् पैसा जुळला.

"काका, ही ११,३४० ची नोंद फार जुनी आहे. पुसू का?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो आणि सही केली.

यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात कचेरीत पुन्हा गुडघाभर पाणी शिरले. मी घरी, सूनबाईंच्या लॅपटॉपसमोर. तिने काहीतरी दाबले आणि खतावणी उघडली. कोरडी ठणठणीत! ११,३४० जागच्या जागी. हात आपोआप फोनकडे गेला.

त्यांनी उचलला नाही.