तीनशे किलोमीटरांचा आकडा



मे महिन्यात आईला नर्मदास्नानासाठी महेश्वरला नेले. गाडी विजेची, नवीकोरी. जाहिरातीत एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर. इंदूरहून जाऊन-येऊन साधारण 180, म्हणून मी निश्चिंत. जाताना घाटाचा उतार, ब्रेकबरोबर थोडी वीज बॅटरीत परत येत होती. परतताना तोच घाट चढायचा, गाडीत पाच माणसे, एसी सुरू. मानपूरला 24 टक्के उरले, तेव्हा एसी बंद केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई पदराने वारा घेत बसली, बोलली काहीच नाही. घरी पोचलो तेव्हा 6 टक्के.

मग चौकशी केली. आकडा खोटा नव्हता! तो चाचणीकेंद्रात रोलरवर चाके फिरवून, एसी बंद ठेवून काढतात. वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. तिथे घाट नाही, मे महिनाही नाही.

त्याच संध्याकाळी आपल्या शाळेचे माहितीपत्रक काढले. 'दहावीचा निकाल 100 टक्के' हे वाक्य माझेच. नववीत थांबवलेली चार मुले त्यात कुठेच नाहीत. पुढच्या माहितीपत्रकात त्यांचीही संख्या छापावी, असे विश्वस्त मंडळाला लिहून दिले आहे. उत्तर यायचे आहे.