राष्ट्राध्यक्षांच्या भट्टीवर

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष निवृत्तीनंतर व्हिस्कीच्या धंद्यात उतरले होते, हे माहितीय? त्यांची डिस्टिलरी आज पुन्हा उभी आहे. वॉशिंग्टन डीसीला गेलात, तर एक दुपार तिच्यासाठी राखून ठेवा. आणि हो, घोट सावकाश घ्या!

शुक्रवारची संध्याकाळ. आठवडाभराच्या डेडलाइन्स संपल्यात, चखण्याची प्लेट आलीय आणि वेटर ऑर्डर घ्यायला उभा आहे. 'व्हिस्की. सोडा-पाणी फिफ्टी-फिफ्टी. बर्फ जास्त!' आपल्यापैकी बहुतेकांचं व्हिस्कीचं ज्ञान इथे सुरू होतं आणि इथेच संपतं. ग्लासात जे काही आहे त्याची चव कमीत कमी लागावी, यासाठीच जणू सगळा खटाटोप! त्यात आपला फारसा दोष नाही. आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर बेतलेल्या असतात. त्या निवांत चाखाव्यात अशी अपेक्षा बनवणाऱ्यांचीही नसते.

पण 'सिपिंग' नावाचा एक वेगळाच फंडा आहे. तीस मिलिलिटर घ्यायचं आणि त्याला अर्धा-पाऊण तास द्यायचा. सोडा नाही, कोला नाही. अशा निवांत पिण्यासाठी स्कॉच आहे, कोन्यॅक आहे, जुनी रम आहे. आणि गेल्या वीसेक वर्षांत झोकात परत आलेली एक अमेरिकन बाई आहे, राय व्हिस्की.

राय. राई नव्हे, बरं का! राई म्हणजे आपली मोहरी. राय हे गव्हाच्या नात्यातलं, थंडीला न घाबरणारं, हलक्या जमिनीतही तग धरणारं धान्य. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी ते अमेरिकेच्या पूर्व भागात पेरलं आणि उरलेल्या धान्याची दारू गाळायला सुरुवात केली. त्या काळच्या अमेरिकेची चव घ्यायची, तर माउंट व्हर्ननसारखी जागा नाही.

हवेलीच्या पलीकडे

डीसीच्या आसपास, व्हर्जिनियातल्या हर्नडन-ॲशबर्न पट्ट्यात आयटीतली मराठी घरं भरपूर. पुण्या-मुंबईहून आई-बाबा आले की टूर ठरलेली असते. व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल आणि एक दिवस माउंट व्हर्नन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांची पोटोमॅक नदीकाठची हवेली. हवेली बघायची, नदीसमोर फोटो काढायचे, गिफ्ट शॉपमधून मॅग्नेट घ्यायचा आणि परत! खरी गंमत मात्र तिथून चार-साडेचार किलोमीटरवर, डोग क्रीक नावाच्या ओढ्याजवळ आहे. तिथे पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना तिचं तत्त्व लगेच कळेल. आणि गिरणीशेजारी आहे डिस्टिलरी.

मूळ इमारत १८१४ मध्ये आगीत जळाली आणि पुढे लोक तिला विसरूनही गेले. पुरातत्त्व अभ्यासकांनी पाया उकरून काढला, जुने हिशेब धुंडाळले आणि २००७ मध्ये त्याच जागी ती पुन्हा उभी राहिली. आत तांब्याची पाच भांडी, त्यांच्याखाली विटांच्या भट्ट्या, लाकडी पिंपं. यंत्रांचा चकचकाट नाही. वर्षातले काही दिवस इथे खरोखर व्हिस्की बनते, तीही अठराव्या शतकातल्या पद्धतीनं. धान्य शेजारच्या गिरणीत दळलं जातं. पिंपात उकळतं पाणी आणि पीठ घालून लाकडी वल्ह्यांनी ढवळतात. राय भलतंच चिकट. ढवळणाऱ्याचे हात भरून येतात! मग यीस्ट घालून काही दिवस आंबवायचं आणि ते रसायन तांब्याच्या भांड्यात लाकडाच्या आचेवर तापवायचं. वाफ नागमोडी नळीतून थंड पाण्याच्या पिंपात उतरते आणि टोकाशी धार लागते. तत्त्व तेच, आपल्याकडच्या कुठल्याही भट्टीचं.

रेसिपी कुठून मिळाली? जमाखर्चाच्या वह्यांमधून! कुठलं धान्य किती आलं याच्या नोंदी अभ्यासकांनी जुळवल्या. ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के मोड आणून वाळवलेले जव. आजही इथली व्हिस्की याच प्रमाणात बनते. २०१७ मध्ये व्हर्जिनियानं तिला राज्याच्या अधिकृत 'स्पिरिट'चा मान दिला.

आधी सैन्य, मग धंदा

आता या कहाणीतला ट्विस्ट. १७९१ मध्ये, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकारानं देशात गाळल्या जाणाऱ्या दारूवर कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी भडकले. डोंगर ओलांडून धान्याची पोती बाजारात नेणं परवडायचं नाही, म्हणून ते त्याची व्हिस्की करून न्यायचे. रोख पैसा कमी, त्यामुळे देण्याघेण्यातही व्हिस्कीच चालायची. त्यांच्या दृष्टीनं हा चैनीवरचा नाही, पोटावरचा कर होता. १७९४ मध्ये कर अधिकाऱ्याचं घर जाळण्यापर्यंत प्रकरण गेलं. वॉशिंग्टन स्वतः जवळजवळ १३ हजार शिपायांसह निघाले आणि बंड विरून गेलं. इतिहासात त्याला 'व्हिस्की रिबेलियन' म्हणतात.

तीनच वर्षांनी, १७९७ मध्ये, वॉशिंग्टन निवृत्त होऊन घरी आले. त्यांच्या शेतीचा स्कॉटिश व्यवस्थापक जेम्स अँडरसन यानं सुचवलं, साहेब, आपल्याकडे राय आहे, गिरणी आहे, पाणी आहे. व्हिस्की काढू या! साहेब आधी जरा बिचकले, मग राजी झाले. १७९९ मध्ये इथे सुमारे ११ हजार गॅलन, म्हणजे चाळीस हजार लिटरहून जास्त व्हिस्की निघाली. देशातल्या सगळ्यात मोठ्या डिस्टिलरींमध्ये तिची गणना व्हायची. उरलेला चोथा डुकरांना जायचा, म्हणजे वाया काहीच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टन वारले.

'निवृत्तीनंतरचं यशस्वी स्टार्ट-अप' अशी ही गोष्ट सांगून टाळ्या घेता येतील. पण वल्ही मारत कोण होतं? हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनिएल, जेम्स आणि टिमोथी. हे सहा जण गुलाम होते. गरम पाणी वाहणं, रसायन ढवळणं, आच सांभाळणं ही कामं अँडरसन पिता-पुत्रांच्या देखरेखीखाली त्यांच्या अंगावर होती. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर एकूण ३१७ गुलाम होते. त्यातल्या १२३ जणांवर वॉशिंग्टन यांची स्वतःची मालकी होती. त्यांना मुक्त करावं असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं आणि १ जानेवारी १८०१ ला ते मुक्त झाले. पत्नी मार्था यांच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीतून आलेल्यांना मात्र कायद्यानं तशी मुक्ती देता येत नव्हती. बाटलीवर नाव वॉशिंग्टन यांचं आहे. ज्यांच्या हातून ती व्हिस्की उतरली, त्या सहा जणांची पहिली नावं तेवढी आपल्यापर्यंत पोहोचलीत.

गेली कुठे, आली कशी?

एकेकाळी पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची राय देशभर नावाजलेली होती. मग १९२० ते १९३३ ची दारूबंदी आली. डिस्टिलरी बंद पडल्या, कारागीर पांगले. बंदी उठल्यावर बाजारात मक्याची, गोडसर बर्बन पुढे सरकली. नंतर लोकांना फिकी व्हिस्की आणि व्होडका आवडू लागली. राय उरली ती केंटकीतल्या मोजक्या लेबलांपुरती. तिला परत आणलं बारटेंडर्सनी. जुनी पुस्तकं चाळून 'मॅनहॅटन'सारखी कॉकटेल्स मूळ पद्धतीनं करायची, तर राय हवीच ना! मग नवे उद्योजक आले. माउंट व्हर्ननहून गाडीनं दीड-दोन तासांवर पर्सेलव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथे २००९ मध्ये बेकी हॅरिस ही केमिकल इंजिनीअर आणि तिचा नवरा स्कॉट यांनी 'कटॉक्टिन क्रीक' डिस्टिलरी सुरू केली. त्यांची 'राउंडस्टोन' फक्त रायचीच, मक्याचा दाणाही नाही. माउंट व्हर्ननच्या व्हिस्कीशेजारी ती चाखली, की मक्यानं येणारा गोडवा कोणता आणि रायचा झणका कोणता, हे न शिकवता कळतं.

ग्लास हातात घेतल्यावर

ग्लास लहान आणि तोंडाशी निमुळता घ्या. ओतल्यावर पाचेक मिनिटं थांबा. वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका आणि तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोलचा झटका बसत नाही. पहिला घोट अगदी छोटा. तो फक्त जिभेला ओळख करून देण्यापुरता, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात घोळवा. मिरी, लवंग, थोडी बडीशेप आणि मागून खमंग भाजलेल्या भाकरीसारखं काहीतरी. गोडा मसाल्यावर वाढलेल्या जिभेला राय फार लवकर कळते! आता दोन-चार थेंब पाणी घाला. वास खुलतो आणि तिखटपणा जरा मागे सरतो.

माउंट व्हर्ननच्या रायचे दोन अवतार मिळतात. एक पाण्यासारखी पारदर्शक, पिंपात न मुरवलेली. वॉशिंग्टन यांचं गिऱ्हाईक साधारण हीच प्यायचं. तिच्यात कच्च्या धान्याचा वास थेट येतो. दुसरी आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवलेली. रंग, व्हॅनिलाचा गोडवा आणि मऊपणा हा सगळा लाकडाचा कारभार. इथे पूर्वी सफरचंद आणि पीचची ब्रँडीही गाळली जायची. फळांच्या अशा ब्रँडीही राय इतक्याच सावकाश प्यायच्या.

बाटली घेताना लेबल वाचा. अमेरिकन कायद्यानं 'राय व्हिस्की' म्हणजे किमान ५१ टक्के राय आणि आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं मुरवलेली. '१०० प्रूफ' म्हणजे ५० टक्के अल्कोहोल, आपल्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांपेक्षा जास्त. तेव्हा जपून! कॅनडात मात्र 'राय' हे व्हिस्कीचं नुसतं प्रचलित नाव आहे. तिच्यात राय नावापुरतीही असू शकते.

हळू पिण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. प्रश्न विचारायला वेळ मिळतो. हे धान्य कुठलं, लाकूड कुठलं, राबलं कोण? सोडा-बर्फाच्या पेगला असे प्रश्न पडत नाहीत. माउंट व्हर्ननला हवेली बघून परत फिरलात तरी ते पडणार नाहीत. त्या साडेचार किलोमीटरचा अर्थ तोच आहे.

प्लॅन करताय?

कधी: डिस्टिलरी वर्षभर रोज उघडी नसते. निघण्याआधी माउंट व्हर्ननच्या वेबसाइटवर दिवस आणि वेळ बघून घ्या.

कसं: डीसी मेट्रोच्या यलो लाइननं हंटिंग्टन, तिथून बसनं हवेली, पुढे कॅब. चाखणार असाल तर गाडी चालवायचीच नाही, नो आर्ग्युमेंट!

खिसा: कमी प्रमाणात बनत असल्यामुळे इथल्या बाटलीची किंमत दणदणीत असते. भारतात येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटी-फ्री आणता येतं. बाटली चेक-इन बॅगेत टाका.

वय: अमेरिकेत २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र जवळ हवं. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी २५.