मोतीची तजवीज

प्रकृतीच्या तक्रारींमुळे मंचरचे घर सोडून पुण्यास मुलाकडे राहावयास जाणे क्रमप्राप्त झाले, तेव्हा माझ्या कुत्र्याला, मोतीला, कोणाच्या हवाली करावे या एकाच चिंतेने मन व्यापून टाकले. डिंभे, माणिकडोह, येडगाव या धरणांच्या पाण्यावर आंबेगाव-जुन्नरात ऊस फोफावला आणि त्या दाट उसातच बिबट्याने संसार थाटला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात त्याच्या आहारातील, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. म्हणूनच ‘ओट्यावर बांधू, राखण करील’ असे म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांनाही मला नकार द्यावा लागला, कारण साखळीने जखडलेल्या मुक्या जिवास पळून जाण्याचीही मुभा नसते. अखेर ओतूरच्या एका शेतकरी बाईंनी, मी विचारण्यापूर्वीच, भक्कम दाराची पडवी दाखवली. कडी मी स्वतः ओढून पाहिली, आणि मोती तोवर त्यांच्या नातवाच्या हातची भाकरी हुंगू लागला होता.

“काका, दिवस मावळला की हा आत,” त्या म्हणाल्या.

लसीकरणाचे कार्ड मी त्यांच्या सुपूर्द केले. या तालुक्यांत कुत्रा देणाऱ्याने घेणाऱ्याची माया तर पाहावीच, परंतु त्याआधी रात्रीच्या बंदोबस्ताची खातरजमा करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.