कोयासानची लाल पाने

आपल्याकडे पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते आणि पान जून झाले की हिरवे होते. जपानात शरद ऋतूत मेपलच्या झाडाचे उलट असते. थंडी पडू लागली की पानांतला हिरवा रंग ओसरतो, झाड लालभडक होते आणि मग पानगळ सुरू होते. ती पाहायला जपानी माणसे मुलाबाळांसह बाहेर पडतात. हा रंग सप्टेंबरात उत्तरेच्या होक्काइदो बेटावरील डोंगरांत दिसू लागतो आणि नोव्हेंबरअखेरीस क्योतो शहरात पोचतो. तेथील तोफुकुजी विहाराजवळची मेपलने भरलेली घळ प्रसिद्ध आहे.

पण आपण बौद्धांनी आवर्जून पाहावे असे ठिकाण म्हणजे कोयासान. ओसाकाच्या नांबा स्थानकातून आगगाडीने डोंगरापर्यंत जायचे आणि पुढचा चढ दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने चढायचा. सुमारे 800 मीटर उंचीवर विहारांचे गावच वसले आहे. इ.स. 816 मध्ये भिक्खू कूकाई यांना ही जागा मिळाली. उंचीमुळे येथे पाने लवकर रंगतात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा चांगला काळ. पन्नासएक विहारांत प्रवाशांची राहण्याची सोय आहे. जेवण शाकाहारी असते आणि सकाळी लवकर सूत्रपठणाला बसता येते.

इथे आणखी एक गोष्ट पाहावी. गावाच्या वेशीवर 'न्योनिन्दो', म्हणजे स्त्रियांचे सभागृह आहे. कित्येक शतके स्त्रियांना यापुढे पाऊल टाकता येत नव्हते. त्या येथूनच हात जोडून परत जात. 1872 साली सरकारने अशी बंदी उठवली. बुद्धाने भिक्खुणी संघ स्थापन केला आणि त्याच्याच नावाच्या डोंगरावर बाईला मज्जाव! 1956 साली नागपूरला शुभ्र साड्या नेसून आलेल्या आपल्या आया-आज्यांना मात्र कोणी वेशीवर अडवले नाही. त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने धम्मदीक्षा घेतली.

आज त्याच कोयासानच्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. सप्टेंबर 2015 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. जपानचा प्रवास खर्चाचा आहे, हे खरे. पण शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींनी एका रविवारी लाल पाने पाहायला कोयासानला जावे, बाबासाहेबांना वंदन करावे आणि परतताना न्योनिन्दोपाशी क्षणभर थांबावे.